गुलाबपाणी घातलेलं काजळ

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मेकअपच्या गमतीजमती लिहा. नवऱ्या मुली, त्यांच्या आया, रुसवेफुगवे. दिवाळी आहे, वाचकांना जरा हलकंफुलकं द्या." मी हो म्हणून बसले. मग तीन दिवस कागदासमोर बसले आणि एकही गंमत आठवली नाही. आठवत राहिला तो एक निळ्या झाकणाचा डबा, आणि तो आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा ज्यांना हलकंफुलकं हवंय त्यांनी सरळ पान उलटावं. पुढे बहुतेक पाककृती असतील.

मी सिडनीत पंचवीस वर्षं लोकांचे चेहरे रंगवले. पहिली नऊ वर्षं एका मॉलमधल्या मोठ्या दुकानाच्या कॉस्मेटिक्स काउंटरवर, काळे कपडे घालून, दिवसभर उभी. पुढची सोळा वर्षं क्वेकर्स हिलच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत: एक उंच खुर्ची, एक मोठा आरसा, आणि लग्नाचा सीझन आला की शनिवारच्या झोपेचा सत्यानाश. आता गुडघे बोलायला लागले म्हणून बंद केलं. गुडघे हे एक कारण. दुसरं पुढे येईलच.

फेकता येणं हे या धंद्यातलं पहिलं कौशल्य आहे. ब्रश कसा धरायचा हे मी कुणालाही महिन्याभरात शिकवीन. पण अर्धी भरलेली, महागाची, आवडत्या रंगाची बाटली कचऱ्यात टाकायला शिकवणं मला पंचवीस वर्षांत जमलेलं नाही.

नियम सोपे आहेत, सांगून टाकते. तुमच्या कुठल्याही क्रीमची किंवा फाउंडेशनची बाटली उलटी करा. खाली एका उघड्या डबीचं छोटंसं चित्र असतं आणि त्यात एक आकडा, सहा किंवा बारा किंवा चोवीस. झाकण उघडल्यापासून इतके महिने वापरायचं, असा त्याचा अर्थ. बाटलीला आपण कधी उघडले गेलो ते माहीत नसतं, म्हणून उघडल्या दिवशी मार्करने तारीख लिहून ठेवायची. मस्कारा तीन महिने, कारण त्याची कांडी पापणीवरून फिरते आणि पुन्हा त्याच ओल्या, अंधाऱ्या नळीत जाऊन बसते. डबीतलं जेल काजळ फार तर सहा महिने. फाउंडेशन वर्षभर. लिपस्टिक बरीच टिकते, पण तिला जुन्या शेंगदाण्याच्या तेलासारखा वास आला की तिचा निरोप घ्यायचा. कोरडी पावडर सगळ्यात शहाणी, तीही कायमची नाही. काही घट्ट झालं तर त्यात पाणी घालायचं नाही, थुंकी तर नाहीच नाही. हसू नका, मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काउंटरवर गोऱ्या बायका यायच्या, त्यांचीही तऱ्हा होती. एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. लिपस्टिकची नळी घेऊन आल्या. आतली कांडी केव्हाच संपलेली, तळाशी उरलेलं त्या केसांच्या पिनेने कोरून काढत होत्या. तो रंग कंपनीने बंद करूनही जमाना झाला होता. मी वास घेतला आणि त्यांना म्हटलं, हे आता ओठांना लावण्यासारखं राहिलेलं नाही. आजी म्हणाल्या, "आय नो, लव. बट इट्स माय फेस." माझा चेहराच तो आहे म्हणाल्या. मी तासभर खपले. एक विटकरी आणि एक गुलाबी, दोन लिपस्टिका हातावर मिसळत त्यांचा रंग जुळवला, प्रमाण चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि जुनी नळी स्पिरिटने पुसून रिकामी त्यांच्या हातात ठेवली. मॅनेजरने वेळ घालवला म्हणून मला सुनावलं. मला अजून त्या तासाचा अभिमान आहे. आजींनी फेकायचं ते फेकलं आणि ठेवायचं ते ठेवलं.

आपल्या लोकांची गोष्ट निराळी. आपण वस्तू वापरत नाही, ठेवतो. ड्यूटी फ्रीची लिपस्टिक, नणंदेने दिलेला सेट, लग्नातलं फाउंडेशन, सगळं 'चांगलं आहे' म्हणून कपाटात जातं आणि गणपतीला, दिवाळीला, कुणाच्या बारशाला बाहेर येतं. वर्षातून दोनदा उघडायचं, लावायचं, पुन्हा बंद करून ठेवायचं. ते कपाटही कुठे, तर बाथरूममध्ये, शॉवरच्या वाफेत.

आमच्याच गल्लीत एका आयटीवाल्याची बायको आहे. तिने मला एकदा कौतुकाने आपला खण दाखवला. मी एकेक उचलून बाजूला ठेवायला लागले तशी ती कासावीस झाली.

"अगं पण मी चारदाच वापरलंय ते."

"दुधाची पिशवी चारदाच उघडली तर वर्षभर टिकते का?"

तिची मुलगी दारात उभी राहून केळं खात होती. ती म्हणाली, "मम, दॅट्स लिटरली ओल्डर दॅन मी." आई मुलीवर रागावली, माझ्यावर रागावली, आणि मी गेल्यावर तिने सगळं परत खणात ठेवलं. हे मला मुलीनेच नंतर सांगितलं.

अशा गोष्टींवर मी हसत आले. लोकांनाही हसवत आले. हाच माझा मूर्खपणा. रागवायला हवं होतं तिथे मी विनोद केले.

आता डब्याकडे येते.

आमच्या भागातल्या मंडळाचा एक मेकअपचा डबा होता. मूळचा चकल्या ठेवायचा, मोठा प्लास्टिकचा, निळ्या झाकणाचा. कुणीतरी कधीतरी गणपतीच्या कार्यक्रमासाठी सामान आणलं, उरलेलं त्यात भरलं, आणि तो मंडळाची मालमत्ता झाला. दर वर्षी त्यात भर पडायची, बाहेर काही जायचं नाही. वर्षभर तो टूनगॅबीला नीलिमाच्या गॅरेजमध्ये असायचा, मखराचं थर्माकोल आणि लेझीम यांच्या मधे. जानेवारीत, म्हणजे भर उन्हाळ्यात, आमच्याकडे गॅरेजचं काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. मेणबत्त्या वाकतात. त्या भट्टीत तो डबा दर उन्हाळ्यात भाजून निघायचा आणि सप्टेंबरात नवीन असल्यासारखा हॉलवर यायचा.

नीलिमा म्हणजे आमच्या सांस्कृतिक समितीची प्रमुख. माझ्याच वयाची, पुण्याची, बँकेत नोकरी, हुशार, राबणारी. दोनशे माणसांच्या मोदकांचा हिशेब तोंडी करणारी. मी तिला दर वर्षी म्हणायचे, "नीलिमा, तो डबा टाक." ती म्हणायची, "टाकू गं." एका वर्षी डब्यातलं जेल काजळ वाळून दगड झालं होतं. छोटी काचेची डबी, आत ब्रश बुडवून लावायचं काजळ. मी म्हटलं, हे तरी टाक. पुढच्या वर्षी तेच काजळ मऊ, चकचकीत. नीलिमा खूश होती. "गुलाबपाणी घातलं चार थेंब. बघ कसं जिवंत झालं."

जिवंत झालं, हे अगदी बरोबर होतं. नुसतं काजळच जिवंत झालं नव्हतं, एवढंच.

मी तिला समजावलं. पाणी पडलं की त्यात काय काय वाढतं ते सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या आज्या तुपाच्या काजळीचं काजळ घालायच्या, त्यांचे डोळे फुटले नाहीत." समितीतल्या बाकीच्या हसल्या. मीही हसले. मी तो डबा तिथल्या तिथे उचलून बाहेरच्या कचऱ्यात उपडा करू शकले असते. केला नाही. कार्यक्रमाच्या तोंडावर भांडण नको म्हणून.

त्या वर्षी कोळीनृत्य होतं. नऊ मुली, मेकअप माझ्याकडे. मी माझं सामान मोजून घेऊन गेले. माझी पद्धत अशी, की डबीत ब्रश कधी बुडवायचा नाही. छोट्या चमच्याने काढून स्टीलच्या ताटलीत घ्यायचं, प्रत्येकीला वेगळा ब्रश, उरलेलं पुसून टाकायचं. त्यामुळे सामान जास्त लागतं, पण एकीचं दुसरीला जात नाही. हॉलवर पोचले तर चौदा मुली. नीलिमाने आदल्या दिवशी आणखी पाच जणी घेतल्या होत्या आणि मला कळवायचं राहून गेलं होतं.

कोळणींना काजळ ठसठशीत लागतं, मागच्या रांगेतून दिसायला हवं. दहाव्या मुलीला माझी डबी संपली. बाहेर निवेदकाने माईक हातात घेतला होता. नीलिमा धावत आली आणि तिने ती काचेची डबी माझ्यापुढे धरली.

"हे घे. नवीनच आहे. मागच्या गणपतीलाच उघडलंय."

मी झाकण काढलं. गुलाबाचा वास आला. काजळाला गुलाबाचा वास येत नाही, हे मला पंचवीस वर्षांच्या कामानंतर कुणी सांगायची गरज नव्हती. डबी ओळखीची होती, ब्रश ओळखीचा होता. नीलिमा खोटं बोलत होती की खरंच विसरली होती, कोण जाणे. मला मात्र सगळं माहीत होतं. मी चमच्याने काढून ताटलीत घेतलं, वेगळा ब्रश घेतला. जणू ताटलीत घेतल्याने ते शुद्ध होणार होतं. चार मुलींना ते काजळ मी लावलं, माझ्या हाताने.

चौघींतली शेवटची केतकी. नाशिकची, वॉलॉंगॉंगला नर्सिंग शिकत होती. एकटी राहायची, तालमीला दर शनिवारी ट्रेनने यायची, येताना डब्यातून पोहे आणायची आणि सगळ्यांना वाटायची. मला मावशी म्हणायची. मी प्रत्येकीला विचारते तसं तिलाही विचारलं, "लेन्स आहेत का?"

"हो, सकाळपासून. चष्मा लावून कोळीण कशी होणार, मावशी?"

हे ऐकून हात थांबायला हवा होता. लेन्स घातलेल्या डोळ्याला असलं काही लागलं तर ते लेन्सखाली अडकून बसतं. ते मी इतरांना कानीकपाळी ओरडून सांगत आले होते. बाहेर ढोलकी सुरू झाली. मी म्हटलं, "वर बघ." ती वर बघायला लागली.

नाच छान झाला. वन्स मोअर मिळाला.

रविवारी केतकीचा डावा डोळा लाल झाला. खोलीतल्या मैत्रिणीने आपले डोळ्यांचे थेंब दिले, भारतातून आणलेले, कपाटात असलेले. त्याने थोडं बरं वाटलं म्हणून तिने सोमवारही काढला. मंगळवारी सकाळी तिला उजेड सहन होईना आणि डोळ्याच्या काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसायला लागला. तिला सिडनी शहरातल्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. दुपारी तिचा मला फोन आला. आवाज अगदी शांत होता, नर्सिंगच्या मुलींचा असतो तसा.

"मावशी, डॉक्टर विचारतायत डोळ्याला काय काय लागलं होतं. आय मीन, सगळं आणून द्या म्हणतायत, लॅबला पाठवायला. माझी लेन्सची डबी दिली. ते काजळ कुठलं होतं गं? तुझंच होतं ना?"

मी म्हटलं, "बघून सांगते."

हे दोन शब्द मी बोलले आणि फोन ठेवला. बघण्यासारखं काय होतं? मला डबी माहीत होती, गॅरेज माहीत होतं, रस्ता माहीत होता. पण डोक्यात दुसरंच चालू झालं. पुढच्या महिन्यात सहा लग्नं होती. "तिच्या हाताने मुलीचा डोळा गेला," हे वाक्य क्वेकर्स हिलपासून टूनगॅबीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे मी मोजत बसले. तिकडे ती मुलगी दर तासाला डोळ्यात औषध घालून घेत होती आणि मी इकडे मूग गिळून स्वयंपाक केला, जेवले, भांडी लावली. झोप लागली नाही, पण त्याचं कौतुक कशाला सांगू.

बुधवारी सकाळी सातला मी नीलिमाला फोन केला.

"तो डबा कुठे आहे?"

"कुठला? मेकअपचा? तो मी काल टाकला गं." आणि मग, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना, ती म्हणाली, "तूच नाही का दर वर्षी टाक टाक म्हणत होतीस?"

"केतकीचं कळलं का तुला?"

"कळलं म्हणूनच. उगाच मंडळाचं नाव यायला नको. आणि कशावरून आपल्या काजळाने? बाकी तिघींना कुठे काय झालं? तिला ॲलर्जी असेल."

इतकी वर्षं जो डबा टाकता येत नव्हता, तो तिने बरोबर त्या दिवशी टाकला, ज्या दिवशी तो टाकायचा नव्हता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी विचारलं, कुठल्या बिनमध्ये? तिने फोन ठेवला. बुधवारी टूनगॅबीच्या त्या गल्लीत लाल झाकणाच्या, म्हणजे साध्या कचऱ्याच्या, बिनचा ट्रक येतो, हे मला माहीत होतं, कारण तिच्याकडच्या समितीच्या बैठकांना रस्त्यावरच्या बिनांमुळे आम्ही गाड्या कुठे लावायच्या त्यावरून दर बुधवारी वाद व्हायचे.

मी गाऊनवर जाकीट चढवलं आणि गाडी काढली. मी पोचले तेव्हा ट्रक दोन घरं अलीकडे होता. बाजूचा लोखंडी हात बाहेर येत होता, बिन उचलून उलटं करत होता. मी नीलिमाचं बिन धरलं आणि ड्रायव्हरला हात केला. तो खाली वाकून म्हणाला, "लॉस्ट युअर रिंग, लव?" मी म्हटलं, त्याहून वाईट. तो म्हणाला, "नो वरीज, टेक युअर टाइम," आणि त्याने इंजिन बंद केलं. त्या अनोळखी माणसाने त्या आठवड्यात सगळ्यांपेक्षा शहाणपणा केला.

मी बिन गवतावर आडवं केलं. कागदी प्लेट्स, साबुदाण्याची खिचडी, मखराचे तुकडे, आणि खाली बांधलेल्या काळ्या पिशवीत डब्यातलं सगळं. डबा स्वतः नव्हता, तो धुऊन ओट्यावर उपडा ठेवला असणार. नीलिमा दारात आली.

"अगं, शेजारी बघतायत."

"बघू देत."

"आत ये, आत बसून बोलू. काय हे, गाऊनवर?"

"नीलिमा, तिचा डोळा चाललाय आणि तू मला गाऊनचं सांगतेस?"

तिने दार लावून घेतलं. मला ती डबी पिशवीच्या तळाशी सापडली, झाकण घट्ट लावलेली. ब्रशही सापडला. दोन्ही स्वच्छ पिशवीत घातलं, कचरा परत भरला, ड्रायव्हरला थँक यू म्हटलं.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीण होती. तिने डबी घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, हे कुणी लावलं? मी म्हटलं, मी. हे जुनं आहे हे तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं, हो. तिने तेवढं लिहून घेतलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डोळ्यातून घेतलेल्या नमुन्यात काहीच वाढलं नव्हतं, कारण मैत्रिणीच्या त्या थेंबांनी अर्धवट काम करून ठेवलं होतं. काजळात मात्र भरपूर वाढलं. कुठला जंतू ते कळलं, मग औषध बदललं, आणि दोन दिवसांनी ठिपका वाढायचा थांबला. डोळा वाचला. मधोमध एक पांढुरका डाग राहिला. त्या डोळ्याने केतकीला आता उजेड कळतो, माणूस कळतं, चेहरा कळत नाही. मी डॉक्टरणीला विचारलं, डबी एक दिवस आधी आणली असती तर? ती म्हणाली, "आय कान्ट से." सांगता येणार नाही. हे उत्तर मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरतेय.

मंडळाने काय केलं ते लिहिलं पाहिजे. समितीने सभासदांना कळवलं की एका कलाकाराला ॲलर्जीचा त्रास झाला असून ती लवकर बरी होवो अशी गणरायाचरणी प्रार्थना. मी सभेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं, गुलाबपाणी, गॅरेज, लाल बिन, आणि लावणारा हात माझा होता हेही. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. मग एक गृहस्थ म्हणाले, "झालं ते झालं, आता पुढचा विषय घेऊ या." पुढचा विषय हॉलच्या खुर्च्यांचा होता. त्या खुर्च्यांवर वीस मिनिटं चर्चा झाली. मी तेव्हाच मंडळ सोडलं. सहा लग्नांपैकी चार जणींनी मला फोन करून दुसरीकडे ठरवल्याचं सांगितलं. त्यांचं काहीच चुकलं नाही.

केतकीचं एक सेमिस्टर गेलं. परत गेल्यावर शिरेत सुई लावताना सुई नेमकी किती दूर आहे हे एका डोळ्याने कळेना. संत्र्यांवर सराव करून करून तिने ते परत कमावलं. मी दर पंधरा दिवसांनी वॉलॉंगॉंगला जायचे, जेवण घेऊन. ती दार उघडायची, डबा घ्यायची, चहा करायची. बोलायची सगळं, हॉस्पिटलचं, प्लेसमेंटचं, नाशिकच्या घरचं. त्या दिवसाचं कधीच नाही. मी एकदा माफी मागितली. ती म्हणाली, "मावशी, चहा गार होतोय." आता ती नोकरीला आहे, वॉर्डात सगळ्यांची लाडकी आहे.

या मार्चमध्ये ती घरी आली. एप्रिलमध्ये लग्न होतं, मुलगा वॉलॉंगॉंगचाच, स्टीलवर्क्समध्ये इंजिनिअर. म्हणाली, "मेकअप तू करायचास." मी म्हटलं, मी बंद केलंय, आणि मी नकोच. ती म्हणाली, "मी विचारत नाहीये."

ट्रायलच्या दिवशी मी सगळं नवं आणलं. एकही सील फोडलं नव्हतं. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, सगळं ओळीने मांडलं, बाजूला मार्कर ठेवला. ती खुर्चीत बसली. एकेक वस्तू उचलून, डावा डोळा मिटून, उजव्याने तळाचा आकडा वाचला आणि परत जागेवर ठेवली. मी परीक्षेला बसल्यासारखी शेजारी उभी. शेवटी तिने स्वतःची पर्स उघडली आणि आतून काजळाची एक डबी काढून माझ्यासमोर धरली. काचेची, छोटी, झाकणाच्या कडेला काळं सुकलेलं.

"हे लाव. नवीनच आहे. मागच्या गणपतीलाच उघडलंय."

मला आधी कळलंच नाही. मग नीलिमाचे शब्द ओळखू आले, आणि ग्रीनरूममध्ये हे वाक्य ऐकताना ही मुलगी हातभर अंतरावर बसून होती, हेही. म्हणजे फोनवर 'तुझंच होतं ना?' विचारलं तेव्हाही तिला माहीत होतं. इतकी वर्षं तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी झाकण काढलं नाही, वास घेतला नाही. डबी तिच्या हातातून घेतली आणि पायाशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"नाही," मी म्हटलं.

"उशीर होतोय, मावशी. सगळे थांबलेत."

"थांबू देत. नाही म्हणजे नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. उजवा डोळा माझ्यावर स्थिर, डावा थोडासा बाजूला.

"त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतंस," ती म्हणाली.

मी नव्या काजळाचं सील फोडलं आणि झाकणावर तारीख लिहिली. तिने ती वाचली. मग मान मागे टेकवली आणि मी न सांगता वर बघितलं.